'शून्य कोलेस्टेरॉल'ची फुशारकी

शेंगदाणा तेलाच्या डब्यावर लाल बदाम काढलेला असतो आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'शून्य कोलेस्टेरॉल'. गिऱ्हाइकाला वाटतं, कंपनीनं बरीच खटपट करून ते काढून टाकलं असणार. खटपट कसली? शेंगदाण्यात ते नव्हतंच. करडई, सूर्यफूल, तीळ, सोयाबीन, नारळ, कुठलंही तेल घ्या, तीच गत. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांच्या पेशींचा माल. वनस्पती त्याच्या जागी फायटोस्टेरॉल वापरतात. त्यांच्यात कोलेस्टेरॉल सापडलं तरी नावापुरतंच.

एवढ्यावर भागलं असतं, तर जाहिरातदारांची लबाडी म्हणून सोडून देता आली असती. पण 'कोलेस्टेरॉल नाही, म्हणजे हृदयाला चांगलं' हा पुढचा निष्कर्ष लोक बिनदिक्कत काढतात. मग वनस्पती तुपाचं काय करायचं? तेही वनस्पतींच्या तेलापासूनच बनतं, निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडून. कोलेस्टेरॉल शून्य! आणि या प्रक्रियेत तयार होणारे ट्रान्स फॅट रक्तातलं 'वाईट' म्हणवलं जाणारं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतात, वर 'चांगलं' म्हणवलं जाणारं एचडीएल कमी करतात. नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी १९९० मध्ये ५९ निरोगी माणसांना ठरवून दिलेला आहार खाऊ घालून हे दाखवलं. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२१ पासून ३ टक्क्यांची आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली. खोबरेलात कोलेस्टेरॉल नसलं तरी जवळपास ९० टक्के संपृक्त मेदाम्लं असतात, पामतेलात निम्मी.

तेलात कोलेस्टेरॉल नसताना रक्तातलं एलडीएल वाढतं कसं? रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही, ते शरीर स्वतः बनवतं. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत घेणारे रिसेप्टर असतात. त्यांच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. संपृक्त मेद जास्त खाल्ला की हे रिसेप्टर कमी पडतात आणि एलडीएल रक्तात घुटमळत राहतं. त्यामुळे डब्यावर वाचायचं असेल, तर मागच्या बाजूला बारीक टायपात छापलेला संपृक्त मेदाचा आकडा वाचावा. तिथे बदाम काढलेला नसतो.

बरं, ज्याच्या नावानं एवढा शंख चालतो, ते कोलेस्टेरॉल विष आहे का? अजिबात नाही. एकमेकींना चिकटलेली चार कड्यांची चौकट, एका टोकाला पाण्याशी जमवून घेणारा हायड्रॉक्सिल गट, दुसऱ्या टोकाला तेलकट शेपूट, अशी त्याची रचना. पेशीच्या आवरणात फॉस्फोलिपिडचे दोन थर शेपट्या आत वळवून उभे असतात. त्यांच्यामध्ये घुसून कोलेस्टेरॉल आवरणाला उष्णतेत फार सैल पडू देत नाही आणि थंडीत कडक होऊ देत नाही. पित्ताम्लं, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, उन्हात त्वचेत तयार होणारं ड जीवनसत्त्व, या सगळ्यांची सुरुवात या रेणूपासून किंवा त्याच्या आधीच्या पायरीपासून होते. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण एकूण कोलेस्टेरॉलचा साधारण पाचवा हिस्सा तिथे असतो. तोही मेंदू स्वतःच बनवतो.

'चांगलं' आणि 'वाईट' ही दोन वेगळी कोलेस्टेरॉलं नव्हेत. पार्सल तेच, गाड्या दोन: रक्तात मेद विरघळत नाही, म्हणून तो प्रथिनांच्या वेष्टनात फिरतो, आणि एलडीएल, एचडीएल ही त्या कणांची नावं.

कोलेस्टेरॉल विष नाही, हे ऐकून काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: कोलेस्टेरॉलची भीती म्हणजे औषध कंपन्यांचं कारस्थान! त्यांनी १९९४ ची स्कँडिनेव्हियातली चाचणी पाहावी. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी ज्यांना सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध दिलं, त्यांच्यात साडेपाचेक वर्षांत मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ३० टक्क्यांनी कमी भरला. व्हॉट्सअ‍ॅपवरचं वाचून गोळी बंद करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

आता तेलाविषयीच्या किरकोळ समजुतींचा समाचार चार ओळींत. थंडीत खोबरेल गोठतं ते भेसळीमुळे नव्हे. २४ अंशांच्या आसपास ते गोठणारच. जेवणावर गार पाणी प्यायल्यानं पोटात तेलाचा थर साचत नाही. पोट ३७ अंशांचं असतं, पाणी तिथे लगेच कोमट होतं आणि तेलाचा समाचार पित्त आणि लायपेज हे पाचक विकर घेतात. आणि लाकडी घाण्याचं तेल चवीला कितीही सरस असलं, तरी त्याच्या एका ग्रॅममध्ये रिफाइंडइतक्याच, ९ किलोकॅलरी असतात.