घरीच राहिलेला वंडरस्वान

बंदाई कंपनीचा वंडरस्वान हा हातात मावणारा गेम-कन्सोल पहिल्यांदा चालू केला की गेम सुरू होण्याआधी तो मालकाची चौकशी करतो. नाव, जन्मतारीख, स्त्री की पुरुष आणि मग रक्तगट. जपानात रक्तगटावरून स्वभाव ओळखायची हौस घरोघरी आहे. आपल्याकडे राशीवरून ओळखतात, तशीच. दिलेली उत्तरं यंत्राच्या आतल्या छोट्याशा मेमरीत साठतात, बॅटरी काढली तरी पुसली जात नाहीत. हे यंत्र कुणासाठी बनवलं होतं, ते रक्तगटाच्या या एका प्रश्नावरून कळतं.

४ मार्च १९९९ रोजी ४८०० येनला तो जपानच्या दुकानांत आला. पुढच्या चारेक वर्षांत त्याची तीन रूपं निघाली आणि ती सगळी मिळून सुमारे ३५ लाख नग खपले. अमेरिका आणि युरोपच्या बाजारात मात्र तो कधीच उतरला नाही आणि त्याच्यासाठी लिहिलेल्या शेकडो गेमपैकी बहुतेक त्याच्याबरोबर जपानातच राहिले. जुन्या हँडहेल्ड गेमपैकी अमुक एक परदेशी का गेला नाही, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: तो फारच जपानी होता, बाहेरच्यांना कळला नसता. मला हे उत्तर पटत नाही. गेमचा दर्जा किंवा त्याचा विचित्रपणा यावर असे निर्णय क्वचितच होतात. ते होतात कॅलेंडरवर आणि हक्कांच्या करारनाम्यांवर. वंडरस्वानच्या गोष्टीत ही दोन्ही कारणं अगदी स्पष्ट दिसतात.

यंत्रामागचा माणूस होता गुनपेई योकोई. १९६५ मध्ये तो क्योतोच्या निन्टेन्डोत लागला तेव्हा ही कंपनी पत्ते बनवत होती आणि योकोईकडे त्या पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल होती. फावल्या वेळात त्याने एक लांबवता येणारा हात केला होता. तो मालकाच्या नजरेस पडला आणि १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ नावाने बाजारात आला. पुढे १९८०चा ‘गेम अँड वॉच’ आणि १९८९चा गेम बॉय त्याच्याच हाताखाली घडले. नवं, महागडं तंत्रज्ञान येईल तेव्हा येवो, पण जे जुनं, स्वस्त आणि पारखलेलं आहे त्यातूनच कुणी न केलेलं काहीतरी करायचं, हा त्याचा बाणा. गेम बॉयचा पडदा काळा-पांढरा होता आणि स्पर्धकांचे रंगीत. पण स्पर्धकांच्या बॅटऱ्या काही तासांत संपायच्या आणि गेम बॉय चालत राहायचा.

१९९६ मध्ये योकोईने निन्टेन्डो सोडली आणि क्योतोमध्येच कोतो नावाची छोटी कंपनी काढली. बंदाईसाठी नवा हँडहेल्ड करायचं काम तिथेच सुरू झालं. ते पूर्ण झालेलं त्याला पाहता आलं नाही. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी होकुरिकु एक्सप्रेसवेवर अपघात झाल्यावर तो गाडीतून खाली उतरला आणि दुसऱ्या गाडीची धडक त्याला बसली. तो ५६ वर्षांचा होता.

त्याचा बाणा वंडरस्वानमध्ये पुरेपूर उतरला आहे. गेम बॉयला पेन्सिल सेल लागायचे चार, याला एक, आणि त्या एका सेलवर तो सुमारे ३० तास चालायचा. आत १६-बिट प्रोसेसर, २२४ बाय १४४ ठिपक्यांचा पडदा आणि राखाडी रंगाच्या आठ छटा. गेम बॉयच्या पडद्यावर चारच छटा होत्या. पण खरी करामत बटणांत आहे. डाव्या बाजूला चार-चार बटणांचे दोन गट आहेत. यंत्र आडवं धरलं तर डाव्या अंगठ्याने दिशा द्यायची आणि उजव्याने ए-बी दाबायची. तेच उभं धरलं की दोन्ही गट शेजारी-शेजारी खाली येतात, दोन्ही अंगठ्यांना एकेक. पडदा उंच आणि अरुंद होतो. यंत्रासोबतच आलेला ‘गनपे’ हा गेम असाच उभा खेळायचा. खालून तिरप्या रेघांचे तुकडे वर चढत असतात; ते वर-खाली अदलाबदल करून डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग रेघ जोडायची. रेघ जुळली की नाहीशी होते आणि तेवढीच उसंत मिळते. गेमचं नाव योकोईच्या आठवणीत ठेवलेलं आहे. नियम एका मिनिटात समजतो आणि वाचायला जवळपास काहीच नाही. असा गेम जगात कुठेही चालला असता.

मग तो का गेला नाही? आधी कॅलेंडर बघू. १९९८च्या शरदात, म्हणजे वंडरस्वानच्या चार-पाच महिने आधी, गेम बॉय कलर आला. अमेरिकेत तो पोहोचला तेव्हा पोकेमॉनची लाट नुकतीच उठत होती. काळ्या-पांढऱ्या पडद्याचं नवखं यंत्र घेऊन त्या लाटेसमोर उभं राहायची हिंमत बंदाईने केली नाही. केली असती तर काय झालं असतं, याचा अंदाज एसएनकेच्या निओ जिओ पॉकेट कलरवरून येतो. तोही जपानी, तोही गुणी, शिवाय रंगीत. १९९९ मध्ये तो अमेरिका-युरोपात गेला आणि पुढच्याच वर्षी त्याला तिथून काढता पाय घ्यावा लागला. बंदाईचे स्वतःचे हातही तेव्हा पोळलेले होते. ॲपलबरोबर १९९६ मध्ये आणलेलं पिपिन हे गेमयंत्र सपशेल पडलं होतं, आणि तामागोत्ची या त्यांच्याच इलेक्ट्रॉनिक खेळण्याचं वेड ओसरल्यावर न खपलेल्या मालाचा भार अंगावर आला होता. सावध राहायला एवढं पुरेसं होतं, असं मला वाटतं.

रंगीत रूप, वंडरस्वान कलर, डिसेंबर २००० मध्ये निघालं आणि २१ मार्च २००१ रोजी गेम बॉय ॲडव्हान्स आला. मधले महिने साडेतीनदेखील नाहीत. जगभर माल पोहोचवायचा तर भाषांतर, छपाई, वितरकांशी बोलणी यांत वर्ष सहज जातं. रंगीत वंडरस्वान लॉस एंजेलिसला उतरेपर्यंत त्याच्यासमोर पुढच्या पिढीचं यंत्र उभं राहिलं असतं.

कॅलेंडरची हीच गोष्ट निन्टेन्डोच्या स्वतःच्या एका गेमबाबतही घडली. शिगेसातो इतोई याचा ‘मदर ३’ गेम बॉय ॲडव्हान्सवर एप्रिल २००६ मध्ये जपानात आला. अमेरिकेत तोवर निन्टेन्डो डीएस येऊन दीड वर्ष होत आलं होतं आणि त्या मालिकेचा आधीचा गेम १९९५ मध्ये तिथे खपलेला नव्हता. एवढा मजकूर भाषांतरित करून मावळत्या यंत्रासाठी कार्ट्रिज छापायला कुणी तयार झालं नाही. शेवटी क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक भाषांतरकाराच्या नेतृत्वाखाली चाहत्यांनीच तो इंग्रजीत आणला, ऑक्टोबर २००८ मध्ये. तो भाषांतरित मजकूर निन्टेन्डोला फुकट द्यायचीही मँडेलिनची तयारी होती. इतकं जीव लावून केलेलं काम अधिकृत दुकानाबाहेरच राहिलं, याची मला आजही हळहळ वाटते.

आता हक्क. बंदाई मुळात खेळणी विकणारी कंपनी, त्यामुळे वंडरस्वानची मोठी ताकद होती टीव्हीवरची पात्रं: गंडम, डिजिमॉन, वन पीस, इव्हँगेलिऑन. जपानी मुलांना ती घरच्यासारखी ओळखीची होती. पण अमेरिकेत गंडमची मालिका छोट्या पडद्यावर मोठ्या प्रमाणावर दिसली ती २००० मध्ये. ‘वन पीस’ला तर २००४ उजाडलं आणि तोवर वंडरस्वानचं उत्पादन थांबून गेलं होतं. शिवाय प्रत्येक देशात अशा पात्रांचे हक्क वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात. टीव्हीचे एकाकडे, खेळण्यांचे दुसऱ्याकडे. डिजिमॉन तेवढा अमेरिकेत वेळेवर पोहोचला होता, पण त्याचे गेम तिथे नेण्यासाठी बंदाईला स्वतःच्या यंत्राची गरजच नव्हती. ‘डिजिमॉन वर्ल्ड’ प्लेस्टेशनवर गेला. तिथे गिऱ्हाईक आधीपासून बसलेलं होतं.

स्क्वेअरची गोष्ट तर भांडणातून घडली. ‘फायनल फँटसी’ करणारी ही कंपनी निन्टेन्डोशी बिनसल्यावर प्लेस्टेशनकडे गेली, आणि हातात मावणाऱ्या यंत्रावर आपले जुने गेम आणायला तिला वंडरस्वान कलर सापडला. पहिला ‘फायनल फँटसी’ नव्या चित्रांसह या यंत्राबरोबरच आला, मागोमाग दुसरा आणि मग चौथा. तिसऱ्याची घोषणा झाली, पण तो काही आला नाही. २००२ मध्ये स्क्वेअर आणि निन्टेन्डो यांचा समेट झाला आणि वंडरस्वानचा सर्वांत मोठा आधार गेला. त्या सुधारलेल्या चित्रांवर बेतलेली आवृत्ती बाहेरच्या जगाने २००३ मध्ये प्लेस्टेशनवर पाहिली. ती मूळ कुठल्या यंत्रासाठी रंगवली होती, हे बहुतेकांना ठाऊकही नव्हतं.

भारत तर कुठल्याच कंपनीच्या हिशेबात नव्हता. आपल्याकडे त्या काळात हँडहेल्ड म्हणजे ब्रिक गेम, आणि गेम बॉय दिसला तर परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून. अमेरिकन मुलांना एखादा जपानी गेम मिळाला नाही तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

वंडरस्वानच्या आयुष्यातला मला सर्वांत आवडणारा भाग मात्र मोठ्या कंपन्यांचा नाहीच. २००० मध्ये क्यूट नावाच्या कंपनीने ‘वंडरविच’ हा संच काढला. त्यात पुन्हा पुन्हा लिहिता येणारं कार्ट्रिज होतं. घरच्या संगणकावर सी भाषेत गेम लिहायचा, केबलने त्यात उतरवायचा आणि खेळायचा. त्या काळात निन्टेन्डोच्या यंत्रासाठी असं काही करण्याची मुभा घरी बसलेल्या माणसाला नव्हती. हौशी प्रोग्रामरांच्या स्पर्धा झाल्या. त्यांतूनच ‘जजमेंट सिल्व्हरस्वॉर्ड’ पुढे आला: यंत्र उभं धरून खेळायचा, गोळ्यांच्या वर्षावातून विमान काढत न्यायचा गेम. तो त्या छोट्या प्रोसेसरवर इतका सुरळीत कसा पळतो, याचं खेळताना आश्चर्य वाटत राहतं. २००४ मध्ये त्याचं कार्ट्रिज निघालं, तेव्हा यंत्र जवळपास बंद पडलेलं होतं.

‘गनपे’च्या नव्या आवृत्त्या २००६ मध्ये डीएस आणि पीएसपीवर अमेरिकेतही विकल्या गेल्या. ‘जजमेंट सिल्व्हरस्वॉर्ड’ २०१५ मध्ये स्टीम या ऑनलाइन दुकानात आला आणि आता तो पुण्यात किंवा पणजीत बसूनही रीतसर विकत घेता येतो. दोन्हींत टीव्हीवरचं पात्र नाही आणि परवानगीसाठी चार कंपन्यांचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. गंडम आणि ‘वन पीस’चे वंडरस्वानवरचे गेम खेळायचे, तर आजही जपानच्या जुन्या बाजारातून कार्ट्रिज मागवावं लागतं, आणि एक पेन्सिल सेल.