धूर दिसत नाही, म्हणजे तो स्वच्छ?

कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात होसहळ्ळी नावाचे छोटे खेडे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ साली तेथे लाकडापासून वायू बनवणारे संयंत्र बसवले. तो वायू आणि थोडे डिझेल यांवर इंजिन चालवून गावात वीज आणली. अशा इंजिनातून काळा धूर सहसा कमी येतो. मग त्याचा धूर निर्धोक मानावा का?

आधी हा वायू कसा बनतो ते पाहू. संयंत्रात लाकूड अपुऱ्या हवेत अर्धवट जळते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तापलेल्या कोळशातून जातात, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन तयार होतात. या 'प्रोड्यूसर गॅस'मध्ये हे दोन्ही प्रत्येकी साधारण १५ ते २० टक्के असतात. जवळजवळ निम्मा भाग नायट्रोजनचा असतो. उरलेल्या भागात कार्बन डायऑक्साइड व थोडा मिथेन असतो.

मेख इथेच आहे. पेट्रोल अर्धवट जळाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. येथे मात्र तो इंधनातच आहे. जेवढा जळायचा राहील, तेवढा तसाच बाहेर पडणार. सिलिंडरच्या थंड भिंतींजवळ ज्योत विझते, तेथे काही वायू न जळता उरतो. इंजिनावरील भार कमी असेल, म्हणजे गावात मोजकेच दिवे चालू असतील, तर हवेच्या मानाने वायू कमी पडतो. अशा विरळ मिश्रणात ज्योत सर्वत्र पोचत नाही आणि विजेच्या दर युनिटमागे कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

विद्यार्थी विचारतील, "या वायूत नायट्रोजन इतका आहे, मग नायट्रोजनची ऑक्साइडेही जास्त निघत असतील?" तसे होत नाही. नायट्रोजन हवेतही भरपूर असतोच. ऑक्साइडे बनायला फार उच्च तापमान लागते. वायूतला नायट्रोजन स्वतः न जळता उष्णता शोषतो, ज्योत तुलनेने थंड राहते आणि ही ऑक्साइडे उलट कमी बनतात. लाकडात गंधक अत्यल्प असल्याने सल्फर डायऑक्साइडही फारसा नसतो. गोबरगॅसचे तसे नाही. त्यातील हायड्रोजन सल्फाइड आधी काढून टाकावा लागतो.

तोडलेल्या झाडांच्या जागी नवी वाढवली, तर ती हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषतात, हे खरे. पण हा हिशेब वातावरणाचा झाला. इंजिनाजवळ उभ्या असलेल्या माणसाचा हिशेब वेगळा आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. म्हणून असे जनित्र बंद खोलीत कधीच चालवू नये. धुराची नळी छपराच्या वर न्यावी. वायूच्या नळ्यांचे सांधे वरचेवर तपासावेत, कारण गळणारा कच्चा वायू धुराहूनही घातक असतो.

मुलांना असे संयंत्र दाखवायला नेलेत, तर पहिला प्रश्न हा विचारायला सांगा : धुराची नळी कोठे उघडते?