सहानंतरचं शहर कसं आहे?

‘आपल्याकडे काय आहे? नुसत्या कंपन्या!’ आकुर्डी-निगडीच्या कट्ट्यावर हा डायलॉग तुम्हीही कधीतरी मारला असेल. डिग्री हातात पडली की इथून सटकायचं, हेही मनात ठरलं असेल. पण निकाल लावण्याआधी शहराची परीक्षा तरी घ्या!

सरकारने ती घेतली आहे. केंद्राच्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत २०१८ मध्ये पुणं पहिलं आलं आणि पिंपरी-चिंचवड थेट ६९वं. २०२० च्या यादीत मात्र दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत आपण १६वे! एवढ्यात शहर पालटलं? तसं नाही. मोजायची पद्धत बदलली आणि गटही छोटा झाला. म्हणून पेपर तुम्हीच काढा. प्रश्न तीनच.

गाडी नसताना फिरता येतं का? मार्च २०२२ मध्ये मेट्रो आली, आता पिंपरीतून थेट स्वारगेट गाठता येतं. पास. पण इंटर्नशिप चाकणला लागली तर? मेट्रो नाही आणि तळेगाव चौकात ट्रकांची रांग. नापास.

पैसे न मोजता निवांत बसता येतं का? निगडीत दुर्गा टेकडी आहे. चाकणलाही संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी तो शाइस्ताखानाविरुद्ध जवळपास दोन महिने लढवला. पण शिफ्ट संपल्यावर तिथे जाऊन बसलेला एखादा मित्र आठवतोय?

नळाला पाणी येतं का? नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये ते दिवसाआड येऊ लागलं. टॉवर वाढले, पाण्याचं गणित मागेच राहिलं.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे एमआयडीसी आली. तेव्हा गावाकडून आलेल्यांनी शहर निवडलं नव्हतं, नोकरी निवडली होती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरची गोष्ट हीच असेल. तुम्हाला मात्र निवड आहे. माणसं नोकरीमुळे येतात, पण टिकतात ती संध्याकाळी सहानंतरच्या शहरामुळे.

सटकायचं असेल तर खुशाल सटका. पण महापालिका बजेटसाठी नागरिकांकडून सूचना मागवते, हे माहीत आहे ना? यंदा कट्ट्यावरची एक तक्रार तिथे लिहून द्या. बस, बाक की पाणी, काय मागायचं ते तुम्ही ठरवा!