खांद्यावरची लाइट मशिनगन: एका शतकाचा मागोवा

सातारा-सांगलीच्या मुलखाला जुन्या हत्यारांचे प्रेम शिकवावे लागत नाही. २०२४ च्या जुलैत लंडनहून आलेली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली, तेव्हा ते दिसलेच. तलवार, दांडपट्टा, कट्यार, ठासणीची बंदूक यांना आपण वारसा मानतो. फलटणच्या नाईक निंबाळकरांपासून साताऱ्याच्या छत्रपतींपर्यंतचा इतिहास आपण या पोलादातून वाचतो. मात्र हा वारसा १८१८ च्या आसपास थांबतो. विसाव्या शतकात फलटण, माण, खटाव, खानापूर, तासगाव या कमी पावसाच्या पट्ट्यातले हजारो तरुण पलटणीत गेले आणि त्यांच्या खांद्यावर आली ती लाइट मशिनगन. या मुलखाच्या सामाजिक इतिहासात तिचे स्थान तलवारीइतकेच मोठे आहे, आणि म्हणूनच ती जपली पाहिजे. जपायची ती खासगी छंद म्हणून नव्हे, तर सार्वजनिक ठेवा म्हणून. कायमची निकामी करून, आणि तिच्या निगराणीच्या ज्ञानासकट. हा दावा तपासायचा तर तिच्या शतकभराच्या वाटचालीवर नजर टाकावी लागते.

१९१४ साली हिंदी पायदळाच्या एका पलटणीला मशिनगना मिळत त्या दोन. त्या जड होत्या. खेचरावर लादून न्याव्या लागत आणि एका जागी मांडून चालवाव्या लागत. मेसोपोटेमियात गेलेल्या मराठा पलटणी त्याच तुटपुंज्या सामग्रीवर लढल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. मशिनगनच्या युद्धाची किंमत या गावांनी अशी मोजली. त्याच युद्धात एका माणसाला उचलून पळता येईल अशी लुइस गन पुढे आली. तिचे ४७ गोळ्यांचे थाळीसारखे गोल मॅगझीन वर बसे, आणि वजन बारा किलोंच्या वर भरे. १९३३ मध्ये हिंदी सैन्याने विकर्स-बर्थिए ही मशिनगन स्वीकारली आणि ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनू लागली. ब्रिटिश सैन्याने मात्र चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोचा नमुना घेऊन ब्रेन तयार केली. दुसरे महायुद्ध पुढे सरकले तशी हिंदी पलटणींच्या हातीही ब्रेनच आली.

या हत्याराने पायदळाची घडीच बदलली. दहा किलोंची ब्रेन आणि तिचा नंबर एक, म्हणजे ती चालवणारा जवान, हा सेक्शन या छोट्या तुकडीचा मध्य झाला. नंबर दोन शेजारी पडून मॅगझिनी बदलू लागला, फाजील नळी सांभाळू लागला. बाकीच्या जवानांच्या पाऊचमध्येही स्वतःच्या रायफलीच्या गोळ्यांबरोबर ब्रेनच्या भरलेल्या मॅगझिनी असत. पुढे सरकायचे की थांबायचे, हे त्या एका तोंडाच्या आगीवर ठरे. समोरच्या बाजूलाही हेच गणित होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात नायक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर मशिनगनचा मारा झाला. सगळे सोबती पडल्यावर त्यांनी एकट्याने त्या ठाण्यावर झेप घेतली आणि ते बंद पाडले. तिथेच त्यांना वीरमरण आले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना सुरक्षित आणून एकामागून एक तीन मशिनगन ठाणी शांत केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघे सातारचे नव्हते, पण ज्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते ती या पट्ट्याच्या घराघरात पोचलेली रेजिमेंट. त्याच वर्षांत साताऱ्याच्या खेड्यांतून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले होते. एकाच जिल्ह्याची माणसे इटलीत साम्राज्याची मशिनगन वाहत होती आणि कृष्णाकाठी त्याच साम्राज्याला आव्हान देत होती. हा ताण समजून घ्यायचा तर दोन्ही बाजूंचे पुरावे समोर हवेत. प्रतिसरकारच्या आठवणी आपण लिहून ठेवल्या. पलटणीतल्या माणसाच्या हातचे काम मात्र बहुतेक नोंदीबाहेर राहिले.

ते काम म्हणजे मुख्यतः निगराणी. लाइट मशिनगन ही सतत देखभाल मागणारी यंत्रणा आहे. नळीतून जाणाऱ्या वायूचा थोडा भाग एका छिद्रातून खाली वळतो, दट्ट्या मागे ढकलतो आणि पुढची गोळी भरली जाते. त्या छिद्रात काजळी साठली की दट्ट्याला जोर पुरत नाही आणि हत्यार रुसते. म्हणून ब्रेनच्या गॅस रेग्युलेटरला लहानमोठी चार छिद्रे दिलेली असत. रोक पडली, म्हणजे हत्यार मध्येच अडले, की फौरी इलाज (तातडीचा उपाय) क्रमाने करायचा: कॉक कर, मॅगझीन बदल, तरी चालेना तर रेग्युलेटर फिरवून मोठे छिद्र लाव. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कड असते. वरच्या गोळीची कड खालचीच्या मागे गेली तर मॅगझीन अडकते, त्यामुळे गोळ्या भरणे हेही कसब ठरले. तीस गोळ्यांच्या मॅगझिनीत स्प्रिंगवर ताण नको म्हणून अठ्ठावीसच भरण्याची रीत पडली. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतले रसायन जळाल्यावर नळीत क्षार उरत. ते हवेतला ओलावा ओढून घेत आणि पोलाद गंजू लागे. नुसत्या तेलाने क्षार जात नाहीत, म्हणून फायरनंतर नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतायचे, मग पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंदी लावून नळी कोरडी करायची आणि शेवटी तेलाचा हात द्यायचा. शेतातल्या मोटेची, इंजिनाची निगा राखणाऱ्या पोरांनी ही शिस्त आत्मसात केली. काचेच्या कपाटातल्या लोखंडाकडे नुसते बघून यातले काही कळत नाही. वस्तू जपली आणि तिच्यामागची रीत गेली, तर जपलेली वस्तू मुकी होते.

स्वातंत्र्यानंतरही हे हत्यार निवृत्त झाले नाही. १९६२ च्या चीन युद्धातल्या अनुभवानंतर भारतीय पायदळ .३०३ सोडून ७.६२ मिलिमीटरकडे वळले, तेव्हा ब्रेनही त्या मापात उतरली आणि कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने ती बनवली. काडतुसाची कड गेली, मॅगझिनीचा बाक कमी झाला, पण घडण तीच राहिली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला १ मराठा या पलटणीने वेढा फोडून निघणाऱ्या शत्रूला रात्रीच्या अंधारात अडवले, तेव्हाही पायदळाच्या सेक्शनची मांडणी याच जातीच्या हत्याराभोवती होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इन्सास ही नवी लाइट मशिनगन आली, आणि मार्च २०२० मध्ये १६,४७९ इस्रायली नेगेव मशिनगनांचा करार झाला. १९३० च्या दशकात जन्मलेली रचना अशी एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत पुरली. याचा अर्थ सरळ आहे: ब्रेनवर घडलेली शेवटची पिढी निवृत्त होऊन आज गावात आहे, आणि तिचे वय वाढते आहे.

मग हा ठेवा जपायचा कोणी? अमेरिकेत अशा मशिनगना खासगी संग्राहकांकडे आहेत. १९३४ पासून तिथे त्यांची नोंदणी होते, आणि १९८६ नंतर नव्या मशिनगना नागरिकांच्या नावावर चढत नसल्याने जुन्यांची किंमत चढत गेली आहे. तिथल्या संग्राहकांनी सुटे भाग, जुनी माहितीपत्रके आणि दुरुस्तीचे ज्ञान चिकाटीने राखले, हे मान्य केले पाहिजे. म्हणून आपल्याकडेही खासगी संग्रहाला वाट द्यावी, असे कोणी म्हणेल. माझे मत उलट आहे. चाप दाबून धरला की सलग झाडत राहणारे हत्यार १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने निषिद्ध ठरवले आहे, आणि तेच योग्य आहे. पैशाच्या बळावर जपलेला ठेवा पैशाबरोबर कपाटाआड जातो. ज्या गावाने माणसे दिली त्या गावाला त्याचा उपयोग होत नाही. म्हणून कायदा सैल करणे नको, सार्वजनिक संस्थांनी पुढे येणे हवे.

सुरक्षेचा आक्षेप याहून गंभीर आहे. निकामी म्हणवलेले हत्यार पुन्हा चालू करता येते, हे जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसने भोगले. तिथल्या हल्लेखोराकडची काही शस्त्रे स्लोव्हाकियात निष्क्रिय म्हणून विकली गेलेली होती. त्यानंतर युरोपीय संघाने त्याच वर्षी हत्यार निकामी करण्याचे एकच कडक मापदंड ठरवले. यातून निघणारा धडा संग्रह करू नये असा नाही. अर्धवट काम करू नये असा आहे. नळी, बोल्ट आणि बॉडी कायमची कापून किंवा जोडून टाकली, तर संग्रहालयातली ब्रेन धोका राहत नाही. चालणारे हत्यार असे मारून टाकणे हाच त्याचा नाश, असे जाणकार संग्राहक म्हणतील. त्यावर सैन्याच्याच प्रशिक्षणात उत्तर आहे: बाजूने छेद घेऊन आतला दट्ट्या, स्प्रिंग, गॅसची वाट उघडी करून दाखवणारी शिकवणीची हत्यारे. छेद घेतलेली ब्रेन गोळी झाडू शकत नाही, पण समजावून सांगण्यात ती अखंड ब्रेनपेक्षा सरस ठरते.

दुसरा आक्षेप नैतिक आहे: माणसे मारायच्या यंत्राचे प्रदर्शन मुलांपुढे कशाला? हा प्रश्न टाळता येत नाही. पण तलवारीलाही तो लागू आहे, आणि अंतराने आलेले सौंदर्य हा तिला मिळालेला माफीनामा मानता येणार नाही. उत्तर मांडणीत आहे. ब्रेनशेजारी अपशिंग्याच्या ४६ जणांचा उल्लेख असेल, कुतच्या वेढ्यातली उपासमार असेल, दुष्काळाने भरतीकडे ढकललेल्या घरांची हकिगत असेल, तर ते हत्यार गौरवाची वस्तू न राहता साक्षीदार बनते. हे काम बेळगावचे रेजिमेंटल सेंटर किंवा अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय करतेच, असा तिसरा मुद्दा निघेल. त्या संस्थांचे काम मोलाचे आहे, पण रेजिमेंट आपल्या पलटणींचा इतिहास सांगते आणि रणगाडा संग्रहालय चिलखती दलाचा. गावाच्या बाजूने पाहणारा, माणूस का गेला आणि काय शिकून आला हे विचारणारा संग्रह जिल्ह्यानेच उभा करायचा असतो.

त्याला फार मोठी सामग्री लागत नाही. सैन्याने बाद केलेली, पूर्ण निकामी केलेली एक ब्रेन, तिचे सुटे भाग, पुलथ्रू, तेलाची बाटली, नरसाळे आणि मॅगझिनींची पेटी साताऱ्याच्या संग्रहालयात, फलटणसारख्या तालुक्याच्या गावी किंवा १९६१ पासून अधिकारी घडवणाऱ्या साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये मांडता येईल. ही परवानगी आणि खरेदी पाच वर्षांनीही जमेल. माणसांचे तसे नाही. म्हणून पहिले काम ध्वनिमुद्रणाचे: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांच्या नोंदी आहेत, आणि त्यांतून कोत (पलटणीचे शस्त्रागार) सांभाळलेले, नंबर एक म्हणून झोपून फायर केलेले, आर्मरर म्हणून रोक काढलेले लोक शोधता येतील. मागे राहिलेल्या वस्तूंतून इतिहास रचता येतो, पण ती वस्तू चालवणारा हात अजून बोलू शकत असताना त्याला न विचारणे ही आपल्या पिढीची चूक ठरेल, आणि ती पुढच्या कोणाला दुरुस्त करता येणार नाही.