गाळातले पाहुणे

महाशिवरात्रीला चांगदेवला गेलं की आपण बायका देऊळ बघतो, तापी-पूर्णेच्या संगमाला हात जोडतो आणि परत फिरतो. यंदा मी पाण्याकडेच बघत बसले. हा हतनूर धरणाचा फुगवटा. उथळ पाण्यात वारकरी पक्ष्यांची काळी गर्दी, पांढरी चोच तेवढी चमकते. पलीकडे पट्टकदंब, डोक्यामागे दोन काळे पट्टे. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात अन् उतरतात कुठे, तर आपल्या गाळात!

गाळ म्हटलं की आपल्याला आधी नळ आठवतो. खरंच आहे ते. धरणाला ४१ दरवाजे, तरी दोन नद्यांचा गाळ साचतोच. साठा घटतो, आणि भुसावळची तहान तर याच पाण्यावर. पण त्याच गाळानं काठ उथळ झाले. तिथं पाणवनस्पती, किडे, गोगलगाई वाढतात, म्हणजे पाखरांचं दाणापाणीच. गोदावरीवर नांदूर मध्यमेश्वरला असंच घडलं. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं.

म्हणून मला वाटतं, गाळ काढायचा तर खोल पात्रातला काढावा, काठाची दलदल राहू द्यावी. जलपर्णी मात्र नको. तिला मोरीचं पाणी पोसतं. वरच्या गावांचं आपल्याकडे येतं, आपलं खालच्यांकडे. सोबतची मैत्रीण म्हणाली, "मग काय कपडे धुवायचे नाहीत का?" धुवा की बाई! पण सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडा, हे मतं मागायला दारी येणाऱ्यांना आधी विचारा.