एमएसशी ओळख (भाग ५) : दुसरी भेट

मागच्या आठवड्यात एमआरआयमधल्या पांढऱ्या डागांबद्दल वाचलंत. डाग दिसले, ‘मल्टिपल स्क्लेरॉसिस’ हे शब्द कानावर पडले की त्यापुढचं डॉक्टरांचं बोलणं बहुतेकांच्या डोक्यात शिरतच नाही. म्हणून निघतानाच पुढच्या आठवड्याची वेळ मागून घ्यावी. खरं बोलणं होतं ते दुसऱ्या भेटीत.

तिथे आधी विचारा : हा एमएसच कशावरून, एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) कशावरून नाही? त्या आजारातही डोळ्यामागची नस सुजते, पायांतली ताकद जाते. त्याची अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली आणि आता रक्ताच्या तपासणीत ती शोधता येते. एमएसवरची इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉडसारखी औषधं एनएमओ असलेल्याला दिली, तर आजार बळावू शकतो. त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अपमान मुळीच नाही. तपासणी केली नसेल, तर तिची गरज का वाटली नाही, हे त्यांनी सांगावं आणि आपण ऐकावं.

एमएस पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, तोही बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान. अशा बाईसोबत भेटीला नवरा असतो, सासू असते. डॉक्टर तिला विचारतात आणि उत्तर नवरा देतो. मग सासूबाई काळजीने विचारतात, “हिला मूलबाळ होईल ना हो?” होऊ शकतं. एमएसमुळे गर्भधारणा अडत नाही. उलट गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आजाराचे झटके कमी होतात, बाळंतपणानंतर मात्र काही काळ वाढतात. पण टेरिफ्लुनोमाइडसारख्या गोळीने गर्भाला धोका असतो आणि ती बंद केल्यावरही तिचा अंश शरीरात कित्येक महिने राहतो. मूल कधी हवं, हवं की नको, यावर औषध ठरतं. ते तिनेच सांगायला हवं.

लघवी अडकणं किंवा न आवरणं, शरीरसंबंधातल्या अडचणी, मन खचणं, हे सगळं या आजारात नेहमी आढळतं आणि त्यावर उपचारही आहेत. सासूसमोर कोण बोलणार? “डॉक्टर, मला थोडं एकटीने बोलायचंय,” एवढं वाक्य घरूनच ठरवून जा. नातेवाइकांना माझी कळकळीची विनंती आहे : तिच्यावर ते म्हणायची वेळ येऊ देऊ नका, आपणहून बाहेर जाऊन बसा.

औषध सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या आणि लसी लागतील, तेही विचारा. रिटुक्सिमॅब द्यायचं असेल, तर आधी हिपॅटायटिस बी तपासावाच लागतो.

शेवटचं, झटक्याबद्दल. मे महिन्याच्या उन्हात किंवा तापात जुनाच त्रास वर येतो आणि अंग थंड झालं की ओसरतो. तो नवा झटका नव्हे. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग नसताना नवी लक्षणं २४ तासांहून जास्त टिकली, तर मात्र कळवायचं. कोणाला, रात्री कोणत्या नंबरवर, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घेऊनच उठा.

(पुढील भागात : औषधांचा खर्च आणि दिव्यांगत्वाचा दाखला)