भरतीच्या वेळी पाखरांना बसू द्या

भातं घरात आली की रायगडच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची गर्दी दिसू लागते. पहिले थवे ऑगस्टअखेरच येतात, पण आपलं लक्ष जातं ते कापणीनंतर. लडाख-तिबेटच्या तलावांवरचा तपकिरी डोक्याचा कुरव, सैबेरियातले टिलवे, चिखले, लांब वाकड्या चोचीचा कोरल ही मंडळी मार्च-एप्रिलपर्यंत आपल्याकडे असतात. थंड देशांत भर समुद्रात बुड्या मारणारी बदकं असतात, ती इकडे येत नाहीत. आपली थापट्या आणि तलवार बदकं खाडीत, तळ्यांत उतरतात. अलिबागजवळच्या आक्षीला आणि उरणच्या पाणथळींवर पक्षी पाहायला लांबून माणसं येतात. आपल्या तर ते दारातच आहेत.

खाणं ओहोटीला, विश्रांती भरतीला

या पाखरांचं घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी. सुकती लागली की चिखल उघडा पडतो. कोरल लांब चोच खुपसून खेकडे, किडे काढतो. टिलवे वरचेवर टिपतात. पाणी चढलं की चरणं बंद. मग थवे वाळूच्या दांड्यावर, खाराच्या बांधावर, मिठागरात नाहीतर रिकाम्या खाचरात दाटीने बसून राहतात.

नेमकी हीच जागा आपण मोडतो. वाळूत गाडी घालायची, कुत्री सोडायची, पोरांनी दगड मारायचे. थवा उठला की खाल्लेलं उडण्यात खर्च होतं. परतीच्या हजारो किलोमीटरच्या वाटेसाठी अंगात चरबी साठवावी लागते. ती साठली नाही तर पाखरू वाटेतच संपतं.

पिकाला त्रास होतो का?

शेतकरी बंधू हे हमखास विचारतात. चिखल्या, टिलवा, कोरल दाणा खाण्यासाठी येत नाहीत. त्यांचं पोट किडे, गांडुळं, शिंपले, खेकडे यांवर चालतं. बदकं भाताचा दाणा खातात, पण कापणीनंतर खाचरात पडलेलाच त्यांना मिळतो.

केव्हा पाहावं?

जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तोच हिशेब धरा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पुनवेला, अवसेला साधारण सव्वाअकरा ते बारा. त्याआधी दोन-तीन तास जाऊन बसा. चढतं पाणी पाखरांना आपल्याकडे ढकलत आणतं. उधाणाला ती जास्त जवळ येतात. सूर्य पाठीशी ठेवा, जागचे हलू नका.

ग्रामपंचायतीने काय करावं?

जैवविविधता कायदा 2002 नुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. भरतीला थवे कुठे बसतात त्या जागा लोकजैवविविधता नोंदवहीत लिहून घ्या. गावातले कोळी आणि खारातले शेतकरी यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला नाही. पाणपक्ष्यांची आशियाई गणना 1987 पासून दर जानेवारीत होते, तेव्हा शाळेच्या मुलांना मोजायला न्या. कचरा आणि भराव खाजणात टाकू देऊ नका. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली राज्यभर मनाई केली आहे. फासे लावून पाखरं धरणं हा वन्यजीव कायदा 1972 खाली गुन्हा आहे. असं काही दिसलं तर वनरक्षकाला कळवा.

यात पैसा लागत नाही. भरतीचे तीन-चार तास एवढा एक दांडा, एवढा एक बांध मोकळा ठेवायचा आहे. पोलीस पाटील, सरपंच यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा.